सात गुणांची दुरुस्ती

स्फोट म्हणावा एवढा तो आवाज मोठा नव्हता. शनिवारी सकाळी एदेल्मीरा ओयार्सून शेगडीपाशी उभी होती. ‘माते’ नावाच्या पानांच्या कडू काढ्यासाठी पाणी उकळण्याच्या किंचित आधी उतरवावे लागते, त्याचा अंदाज घेत होती. तेवढ्यात तिच्या पायांखालच्या फळ्यांतून एक बोथट ठोका वर आला आणि त्याच्या मागोमाग, कोणी मूठभर खडे पायरीवर टाकावेत तसा, काचेचा आवाज. तिने आधी घड्याळाकडे पाहिले. दहा वाजून सतरा मिनिटे. एकतीस वर्षे सरोवराच्या पाण्याचे पृथक्करण करण्यात गेली की माणसाला ही एक सवय लागते : काय घडले हे कळण्यापूर्वी केव्हा घडले ते टिपून ठेवायचे. मग तिने किटली उतरवली आणि ती तळघराच्या झडपेकडे वळली. तळघरात चारशे अकरा बाटल्या होत्या, आणि त्यांतली कोणती फुटली असेल हे तिला झडप उचलण्याआधीच ठाऊक होते.

तळघर डोंगराच्या पोटात खणलेले होते; वर हिमवर्षाव असो की जानेवारीतले ऊन, आत अकरा अंश, फार तर साडेअकरा. दक्षिण अर्जेंटिनातल्या या बारिलोचे गावात बिअर गाळणारे पुष्कळ, पिणारे तर सगळेच. पण ठेवणारे थोडे. गावातल्या गावात कोणी परसदारी, कोणी मोटारीच्या शेडमध्ये गाळलेली दाट, काळपट, कडक बिअर आणायची, बाटलीच्या गळ्याला क्रमांक बांधायचा, आणि मग वर्षामागून वर्षे काहीही करायचे नाही, हा तिचा छंद. दर दोन वर्षांनी एकेक बाटली उघडायची आणि पुठ्ठ्याच्या कार्डावर नोंद करायची : धार बोथट झाली, सुक्या अंजिराचा वास आला, आता उतरणीला लागली. शुक्रवारी बिअर चाखायला जमणाऱ्या मंडळींत या बाटल्यांविषयी बोलताना लोकांचे आवाज देवळात गेल्यासारखे खाली यायचे, ते तिला आवडत नसे. "तळघरात चमत्कार होत नसतो," ती म्हणायची, "बुचातून थोडा प्राणवायू आत शिरतो, एवढंच." तरीही तो थोडासा प्राणवायू सात-आठ वर्षांत काय काय करू शकतो, हे दुसऱ्या कोणापेक्षा तिला अधिक माहीत होते, आणि एखाद्या जुन्या बाटलीचे बूच निघताना तिचा श्वास अडायचा, हेही खरे.

तिसऱ्या मांडणीचा खालचा कप्पा ओला झाला होता. तपकिरी काचा थेट बटाट्याच्या पोत्यापर्यंत उडाल्या होत्या. त्या कप्प्यात तीन बाटल्या होत्या. एक फुटली होती. तिच्या काचेचा तुकडा लागून दुसरीला तडा गेला होता आणि ती शांतपणे, फेस काढत, मातीत रिकामी होत होती. तिसरी भिंतीला टेकून उभी होती. एदेल्मीराने खिशातून कार्ड काढावे तसे मनातून कार्ड काढले. तेवीस क्रमांकाचा नमुना. नऊ वर्षांपूर्वीचा शरद. खालच्या सगळ्या ओळी कोऱ्या. साऱ्या कार्डांपैकी हे एकच असे होते की ज्यावर एकही चव नोंदवलेली नव्हती.

वास मात्र आता लपवता येण्याजोगा राहिला नव्हता. तो तळघरभर पसरला होता : लवंग, थोडा धूर, ओली साल, आणि त्याखाली, अगदी खाली, एका बाजूने करपलेले जव. ती तिथेच पायरीवर बसली. नऊ वर्षांपूर्वी, गावच्या बिअर-स्पर्धेत, व्यायामशाळेत मांडलेल्या लांब टेबलापाशी, हाच वास तिच्यासमोरच्या पेल्यातून आला होता, आणि जिन्यावरची पावले ऐकून घरातले माणूस ओळखावे तितक्या सहज तिने तो ओळखला होता. जव असे भाजणारी व्यक्ती या गावात एकच होती. सुलेमा, तिची धाकटी बहीण, लोखंडी तव्यावर जव भाजायची आणि दर वेळी एका बाजूने करपवायची, पाव करपवायची, कांदा करपवायची, आणि कोणी काही बोलले तर म्हणायची, "जरा करपल्याशिवाय पोटात गेल्यासारखं वाटतं का?" लवंगेचा वास जंगलातल्या खमिराचा. त्याआधीच्या वसंतात सुलेमा कोइवेच्या झाडांच्या गाठींवर येणारी नारिंगी, स्पंजासारखी अळंबी टोपलीभर घेऊन आली होती आणि त्यांवरच्या खमिराने तिने बिअर आंबवली होती. गावात तोवर सगळे जण पाकिटातले खमीर वापरायचे. एदेल्मीराला तिने चव दाखवली नव्हती. "स्पर्धेनंतर," ती म्हणाली होती. "तू परीक्षक आहेस. आधी दिली तर तुला अपचन होईल."

नियम स्पष्ट होता. नमुने बिननावाचे असतात. परीक्षकाने एखादा ओळखला, तर हात वर करायचा, उठायचे, दुसऱ्या टेबलाकडे जायचे. दरवर्षी कोणी ना कोणी उठायचे. लोक हसायचे, टाळ्या वाजवायचे. त्या दिवशी एदेल्मीराने हात वर केला नाही. तिला वाटले, आपण निःपक्षपाती राहू शकतो. इतकेच नव्हे, तर आपण राहू शकतो हे तिला स्वतःला दाखवायचे होते. पहिला घोट घेतल्यावर तिच्या मनात जो आकडा आला तो होता पन्नासपैकी एकेचाळीस. मग तिने प्रयोगशाळेत करायची तेच केले. तापमापक अर्धा अंश जास्त दाखवतो हे माहीत असेल तर मोजमापातून अर्धा अंश वजा करतात. त्याला लबाडी म्हणत नाहीत, दुरुस्ती म्हणतात. तिने स्वतःला तापमापक मानले. बहिणीवरच्या मायेने आपण किती जास्त दाखवत असू? तिने विचार केला, पेन्सिलीचे टोक दातांत धरले, आणि सात गुण वजा केले. चौतीस. अक्षराचे वळण ओळखू येऊ नये म्हणून तिने मोठ्या, सुट्या अक्षरांत शेरा लिहिला : खमीर बिघडलेले, लवंगेचा दोष, करपट. त्या वर्षी पहिल्या येणाऱ्याची बिअर गावातली एक मोठी भट्टी आपल्या पिंपांत गाळणार होती. तीन गुणांनी सुलेमाचा दुसरा क्रमांक हुकला, चार गुणांनी पहिला; ती पाचवी आली.

हिशेब करायला एदेल्मीराला वेळ लागला नव्हता. एकेचाळीस दिले असते तर सुलेमा पहिली होती. पण तिला छळणारी गोष्ट ही नव्हती, किंवा निदान एवढीच नव्हती. छळणारी गोष्ट शास्त्रीय होती. दुरुस्ती करण्यापूर्वी उपकरण तपासावे लागते; ते किती चुकते, कोणत्या बाजूला चुकते, हे मोजावे लागते. तिने मोजले नव्हते. आपली चूक मायेच्या बाजूनेच असणार, हे तिने गृहीत धरले होते. आणि ती दुसऱ्या बाजूने असेल तर? लहानपणी वडील शोरब्याचा चमचा नेहमी सुलेमासमोर धरायचे. "हिची जीभ बघा," ते म्हणायचे, "एदेलचं डोकं आणि हिची जीभ एकत्र असती तर आपण राजे झालो असतो." एदेल्मीरा पाचवीत होती, वर्गात पहिली होती, आणि त्या चमच्यासाठी तिने ते सगळे देऊन टाकले असते. परीक्षक होण्यासाठी तिने तीन हिवाळे वास ओळखण्याच्या कुप्या हुंगल्या होत्या, जीभ मेहनतीने कमावली होती. तेव्हा, एकेचाळीस हाच आकडा आधीच कमी असेल तर? हे आता कोणत्याही उपायाने ठरवता येणार नव्हते. पेल्यातला तो ताजा नमुना संपला होता. परीक्षक तीच होती, पण आता तिला उत्तर माहीत होते.

स्पर्धेच्या दुसऱ्या आठवड्यात सुलेमाने उरलेल्या सगळ्या बाटल्या परसातल्या मोरीत ओतल्या, भांडी विकली, आणि ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला लागली. स्पर्धेच्या खोक्यातल्या न उघडलेल्या तीन बाटल्या एदेल्मीराने कोणाला न सांगता घरी आणल्या होत्या. सुलेमाकडचे रविवारचे जेवण मात्र कधी चुकले नाही. नऊ वर्षांत त्या एकमेकींवर एकदाही रागावल्या नाहीत, हेच तिला अलीकडे संशयास्पद वाटू लागले होते.

पायरीवरून उठून तिने तिसरी बाटली उजेडात धरली, आणि लगेच खाली ठेवली. एकाच भांड्यातली बिअर, एकच खमीर, एकच तापमान. पहिली फुटली, तर हीसुद्धा फुटणार. आज, किंवा मंगळवारी. जंगलातून आलेल्या त्या खमिरात काहीतरी असे होते, जे बाकीची खमिरे सोडून देतात ती साखर नऊ वर्षे सावकाश खात बसले होते. करायचे काय ते सोपे होते : जाड कापडात गुंडाळून, न्हाणीत, हळूच बूच ढिले करून ओतून टाकायची. पाच मिनिटांचे काम. तिने कापडही आणले. मग ती बराच वेळ ते कापड हातात धरून उभी राहिली. ही बाटली गेली की जगात कोणालाही सुलेमाची चूक सिद्ध करता येणार नव्हती, किंवा आपली. तळघरात चमत्कार होत नाहीत. पण पुरावा नष्ट करणे हे तिने आयुष्यात एकदाच केले होते, पेन्सिलीने.

भिंतीच्या सावलीत ऑक्टोबरमध्ये, वसंतातही, बर्फ साचून होता. तिने मोठ्या पातेल्यात बर्फ भरला. थंडीने बाटलीतला दाब उतरतो. कातडी हातमोजे घातले, बर्फावर घसरण्याच्या खेळात डोळ्यांवर लावतात तो चष्मा लावला, बाटली बर्फात पुरली, झाकणावरून टॉवेल बांधला आणि ती चढ चढू लागली. सुलेमाचे घर चार चौक वर होते. दुसऱ्या चौकात शेजारी एवारिस्तो आपली मनुकांसारख्या काळ्या फळांची झुडपे छाटत होता.

"काय सेन्योरा, डोंगरावर निघालात? आणि बरोबर रस्सा?"

"लांब राहा, एवारिस्तो. आत बाटली आहे. फुटू शकते."

"लांब म्हणजे किती?"

"ते मोजलेलं नाही."

"तुम्ही? मोजलेलं नाही?" एवारिस्तो कात्रीसकट दोन पावले मागे सरला. "मग मी घरातच जातो बाई."

ती हसली, आणि हसताना पातेले हलले म्हणून घाबरली. पश्चिमेचा वारा समोरून येत होता. आपण काय सांगणार आहोत, याची वाक्ये ती मनात मांडत होती. पहिले वाक्य नेहमी नीट जमायचे. दुसऱ्या वाक्याच्या सुरुवातीला "पण" यायचे. तिने ते काढून टाकले. मग दुसरे वाक्यच उरले नाही.

सुलेमाच्या घराचे दार उघडेच होते. ती शेगडीपाशी मसुराच्या रश्श्यात चमचा फिरवत होती. बहिणीला बघताच तिने तो चमचा भरून, फुंकर मारून पुढे केला. "बरं झालं आलीस. बघ गं, मीठ झालंय का? — अगं, हे काय थोबाडावर?"

"झालंय," एदेल्मीरा म्हणाली. "चष्मा."

"ते दिसतंय, डॉक्टर. का?"

एदेल्मीराने पातेले मोरीत ठेवले, चष्मा कपाळावर सरकवला, आणि हातमोजे न काढता सांगून टाकले. बाटली कोणती, कुठून आली. पेल्याचा वास. वर न केलेला हात. एकेचाळीस, वजा सात. मोठी सुटी अक्षरे. "पण" एकदाही आले नाही. सांगून झाल्यावर तिला वाटले होते त्याच्या अर्धाच वेळ लागला होता.

सुलेमा रश्श्यात चमचा फिरवत राहिली. मग तिने पातेले शेगडीच्या कडेला सरकवले.

"लवंगेचा दोष," ती म्हणाली. "ते तू लिहिलंस?"

"हो."

"मला वाटायचं, तो एस्केलहून आलेला टकल्या परीक्षक होता. नऊ वर्षं मी त्या माणसाला बाजारात बघून रस्ता बदलत्येय. परवा त्याने मला फुलकोबी उचलून दिला तर मी आभारसुद्धा मानले नाहीत."

"सुले —"

"थांब. पहिली आले असते का मी?"

"हो."

"पिंपं, भट्टी, ते सगळं?"

"हो."

सुलेमाने मान हलवली, एखादी अपेक्षित बातमी ऐकल्यासारखी. एदेल्मीराला वाटले, हे एवढेच आहे, आता ती रडेल किंवा ओरडेल, आणि मग काहीतरी करता येईल. पण सुलेमा खुर्चीवर बसली आणि अगदी हळू, जणू स्वतःशीच हिशेब जुळवत असल्यासारखी बोलू लागली. "पिंपांचं जाऊ दे. पिंपं घेऊन मी काय केलं असतं, त्या लोकांशी भांडलेच असते. तुला ठाऊक आहे काय झालं? ती बिअर चांगली होती. मला कळत होतं की चांगली आहे. बाबांशपथ सांगते, आयुष्यात कुठली गोष्ट मला इतकी नक्की कळली नव्हती. आणि मग तो कागद आला. मी म्हटलं, म्हणजे मला कळत नाही. इतकी खात्री असून जर बिघडलेली निघते, तर माझ्या जिभेत काहीतरी खोटं आहे. लोकांचे डोळे जातात, माझी ही गेली. तेव्हापासून मी माझ्या जिभेवर मीठ ठरवत नाही, एदेल. शाळेत बरोबरची आन्सेल्मा चाखून सांगते. घरी तू. तुला काय वाटलं, मी तुला मान देत्येय?"

एदेल्मीराला तेच वाटले होते. नऊ वर्षे, दर रविवारी, पुढे आलेला तो चमचा तिने मान म्हणून तोंडात घेतला होता. कधीकाळी वडिलांच्या हातात होता तोच चमचा आता आपल्याकडे वळला आहे, असेही एखाददुसऱ्या वेळी तिच्या मनात येऊन गेले असेल; येऊन गेलेच होते. तिला बसावेसे वाटले, पण दुसऱ्या खुर्चीवर मांजर होते.

"किती कमी केलेस म्हणालीस?"

"सात."

"बहीण असल्याबद्दल सात." सुलेमाने नाकाने हसल्यासारखा आवाज काढला. "मावसबहीण असते तर किती, चार?" मग तिचा चेहरा बदलला, आणि ती उठली. "हातमोजे दे. चष्मा पण."

"मी उघडते. दाब किती आहे ते —"

"तू बाहेर जा."

"सुले, ती फुटू शकते."

"तू बाहेर जा, एदेल. दार लोटून घे. आणि खिडकीतून बघू नकोस. तुझं तोंड वाचता येतं मला."

परसात फोडलेल्या लाकडांची रास होती. एदेल्मीरा तिच्यावर बसली, खिडकीकडे पाठ करून. तिने कान दिला. टॉवेलचा आवाज. मग बराच वेळ काही नाही. मग एक लांब, बारीक सुस्कारा, बुचाच्या कडेने सुटणाऱ्या वायूचा. सुलेमा घाई करत नव्हती. सोडून, दाबून, पुन्हा सोडत होती. सगळे बरोबर करत होती. तो सुस्कारा चार वेळा आला. त्यानंतर शांतता पडली, आणि त्या शांततेत एदेल्मीराच्या मनात, तिने अडवण्याआधीच, अंदाज उभे राहू लागले : लवंग आता विरली असेल, वर ओल्या पुठ्ठ्याचा थोडा वास येत असेल, करपट चव अक्रोडाच्या सालीकडे गेली असेल, किंवा नुसती राख. चांगली असेल का? ती चांगली असावी, अशी इच्छा तिला झाली, आणि पाठोपाठ ही इच्छा तिला तपासावीशी वाटली : चांगली निघाली तर बहिणीचे भले होईल, की आपला अपराध मोठा ठरून एक प्रकारे आपलेही समाधान होईल? आणि वाईट निघाली तर? वाईट निघाली तर आपण सुटलो, असे आपल्याला वाटणार नाही, याची तिने खात्री करून पाहिली. खात्री होईना. वारा सरोवरावरून येत होता आणि तिच्या डोळ्यांत पाणी येत होते. त्यातले वाऱ्याचे किती, हे वेगळे काढायचा तिने प्रयत्न केला नाही.

आतून काहीच कळत नव्हते. एकदा खुर्ची सरकली. एकदा मांजर ओरडले. सुलेमा खोकली, किंवा तो खोकला नसेल. गेल्या तीस-चाळीस वर्षांत या गावात जुनी बाटली उघडली आणि एदेल्मीरा ओयार्सूनला पहिला पेला दिला नाही, असे झाले नव्हते; लोक तिच्या भुवयांकडे बघत थांबायचे. आता ती लाकडांवर बसून थांबली होती. थांबणारा माणूस इतका असहाय असतो हे तिला कोणी सांगितले असते, तर तिने त्याचा पुरावा मागितला असता.

दार उघडले. सुलेमाने चष्मा केसांत अडकवला होता. तिच्या दोन्ही हातांत पेले होते, एक अर्ध्यावर आलेला, एक भरलेला. डोळे लाल होते. आवाज मात्र कामाचा होता, पीठ मळताना असायचा तसा.

"लवंग गेली," ती म्हणाली. "मागे मनुका आल्यात, काळ्या, एवारिस्तोकडच्या असतात तशा. शेवट थोडा लांबलाय. अर्धा तास कमी उकळायला हवी होती, ती माझी चूक. करपट आहे ते बरोबर आहे. ते तसंच पाहिजे." तिने आपल्या पेल्यातला आणखी एक घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला आणि मान हलवली. "चांगली आहे. तेव्हाही चांगली होती."

एदेल्मीराने तोंड उघडले.

"तुला मी विचारलेलं नाही," सुलेमा म्हणाली. "मी अजून चिडलेली आहे. बरेच दिवस चिडणार आहे. उद्या येऊ नकोस. पुढच्या रविवारी ये." आणि तिने भरलेला पेला बहिणीच्या हातात दिला, लाकडांवर तिला जरा सरकायला लावले, आणि शेजारी बसली.

पेला थंड होता. रंग काळपट तांबडा, फेस बारीक आणि टिकणारा. एदेल्मीराने तो नाकाशी नेला, मग नाकाशी न थांबता ओठांशी नेला, आणि तहान लागलेला माणूस पितो तशी ती प्यायली. शेजारी सुलेमा पाय लांब करून समोरच्या कोइवेच्या रांगेकडे बघत होती. कशी आहे, असे तिने विचारले नाही. एदेल्मीराने दुसरा घोट घेतला. पेला अर्धा झाला तरी तिच्या मनात एकही आकडा आला नव्हता, आणि तो का आला नाही याचाही शोध न घेता ती उरलेली बिअर सावकाश पीत राहिली.